सुकेळी : वसईच्या वाडीचा हिशेब

ओट्स, मध, काजू-बदाम आणि सुकवलेली फळे मंद आचेवर भाजून बरणीत भरून ठेवायची, हा ग्रॅनोला आता वसई-विरारच्या स्वयंपाकघरांतही रुळला आहे. त्याचा उगम अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी १८६३ च्या सुमारास आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी दोनदा भाजलेल्या कणकेची कोरडी न्याहारी तयार केली आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. सुकामेवा आणि कोरडे खाद्य एकत्र करून टिकवण्याची कल्पना मात्र कोकणपट्टीला परकी नाही. गणपतीपुढे ठेवायच्या पंचखाद्यात खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस हे सारे याच विचाराने एकत्र आले आहे. त्यातली खारीक अरबस्तानाच्या बाजूने येई, खिसमिस अफगाण व्यापाऱ्यांकडून येई. खोबरे सोडले, तर आपल्या किनाऱ्यावर पिकवून, आपल्याच उन्हात वाळवून, व्यापारासाठी बांधलेला सुकामेवा फारसा आढळत नाही. या पार्श्वभूमीवर वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, हे प्रकरण वेगळे ठरते. ग्रॅनोलात आज परदेशी क्रॅनबेरी आवर्जून घातली जाते. त्याच वेळी विरारपासून काही किलोमीटरवरच्या आगाशी-नंदाखाल पट्ट्यात शतकाहून अधिक काळ चालत आलेला सुक्या फळाचा हा धंदा मोजक्या घरांपुरता उरला आहे.

सुकेळीबद्दल बोलताना एक समजूत सर्रास सांगितली जाते. केळी फार पिकत, सगळी विकली जात नसत, वाया जाऊ नयेत म्हणून उरलेली वाळवली जात, आणि अशा रीतीने सुकेळी जन्माला आली, अशी ती समजूत. ऐकायला ती सोपी आणि पटणारी आहे, कारण कैरीचे लोणचे, फणसाची साटे, आमसुले या साऱ्यांमागे हंगामातला जादा माल टिकवण्याची धडपड आपण पाहिलेली असते. सुकेळीच्या बाबतीत मात्र पुरावे दुसरीकडे बोट दाखवतात. सुकेळी हा उरलेल्या मालाचा उपयोग नव्हता. ते मुद्दाम लावलेले पीक होते, ठरवून केलेला धंदा होता आणि वाडी नावाच्या एका पूर्ण व्यवस्थेचे फळ होते. हा फरक केवळ इतिहासाच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा नाही. सुकेळी का ओसरली आणि ती टिकवायची तर काय टिकवावे लागेल, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या फरकावर अवलंबून आहेत.

पहिला पुरावा केळीच्या जातीचा. वसईच्या वाड्यांत एकच केळ कधी नव्हती. बसराई, मुठेळी, तांबडी, वेलची, सोनकेळी, राजेळी अशा कितीतरी जाती शेजारी-शेजारी वाढत. उरलेला माल वाळवायचा असता तर जी केळी सर्वांत जास्त उरतात तीच वाळली असती. सुकेळीसाठी मात्र राजेळीच लागते. ही लांब, कोनदार, जाड सालीची केळ केरळातल्या नेंद्रनच्या कुळातली मानली जाते. तिचा गर घट्ट असतो आणि त्यात पाण्याचा अंश इतर केळ्यांपेक्षा कमी असतो. सामान्य पिकल्या केळ्यात सुमारे तीन चतुर्थांश वजन पाण्याचे असते; असे केळे सोलून उन्हात ठेवले तर ते बसते, चिकट होते, त्याला आंबूस वास येतो. राजेळी आपला आकार धरून ठेवते आणि आतपर्यंत एकसारखी सुकते. आता या निवडीची किंमत पाहा. राजेळी बसराईपेक्षा सावकाश तयार होते, तिचा घड लहान असतो, फण्या कमी येतात. ताजी केळी विकून पोट भरणाऱ्या शेतकऱ्याने हिशेबाने बसराईच लावली पाहिजे. तरीही कोणी वर्षभर जमीन, शेणखत आणि पाणी राजेळीला देत असेल, तर केळ लावतानाच तिचे सुकेळे होणार हे त्याच्या मनात पक्के असते. लागवडीच्या दिवशीच घेतलेला हा निर्णय आहे. उरलेल्या मालाची विल्हेवाट अशी आधी वर्षभर ठरत नाही.

दुसरा पुरावा कृतीचा आहे. तयार झालेले घड आधी उबेत घालून पिकवतात, म्हणजे गरातल्या पिठाची साखर होते. ही साखरच पुढे केळ्याला टिकवते. वरून साखर, मीठ किंवा पाक काहीही घालावा लागत नाही. पिकलेली केळी हाताने सोलून, गराला बोट न रुतवता, बांबूच्या उंच मांडवावर पेंढ्याच्या थरावर एकेक मांडतात. मांडव उंच असतो तो खालून वारा फिरावा म्हणून, आणि कोंबड्या-कुत्र्यांपासून माल राहावा म्हणूनही. दिवसभर उन्हाच्या दिशेप्रमाणे केळी फिरवावी लागतात. खरे कौशल्य संध्याकाळी दिसते. वसईची हवा समुद्राची, दमट. रात्रीचे दव मांडवावर पडू दिले तर दिवसभराचे ऊन वाया जाते. म्हणून सूर्य कलला की सगळी केळी टोपल्यांत गोळा करून झाकून ठेवायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. या झाकण्याने आणखी एक काम साधते. दिवसा वरचा थर भराभर सुकतो आणि आतला ओलावा अडकून राहतो. रात्रभर केळी एकत्र दडपून राहिली की आतला ओलावा बाहेरच्या थराकडे सरकतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला घेऊन जाते. असे साधारण आठवडाभर चालते, तेव्हा पिवळसर पांढरा गर मधासारख्या तपकिरी रंगावर येतो. पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसाआधीपर्यंतच हे शक्य असते. किलोभर सामान्य केळ्याच्या गरातून पाणी पाव हिश्श्यावर येईपर्यंत वाळवले तर हाती सुमारे सव्वातीनशे ग्रॅम माल राहतो. राजेळीत थोडा अधिक. सालीचे वजन आधीच गेलेले असते. शेवटी ही केळी वाळलेल्या केळीच्याच पानात घट्ट गुंडाळून सोपटाच्या दोरीने बांधतात. हे वेष्टन फुकटचे आहे आणि अक्कलहुशारीचेही: ते उरलासुरला दमटपणा बाहेर जाऊ देते, त्यामुळे बुरशी लवकर धरत नाही.

या कृतीत काय काय लागले याची यादी केली तर सुकेळीमागची रचना दिसू लागते. पेंढा हवा, म्हणजे वाडीलगत भाताचे खाचर हवे. मांडव आणि टोपल्यांसाठी बांबू हवा आणि टोपल्या विणणारे कारागीर हवेत. वेष्टनाला केळीची पाने आणि सोपट हवे, म्हणजे केळ शेजारीच हवी. राजेळीला बारमाही पाणी हवे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मांडण्या-उचलण्याला घरातली माणसे हवीत, आणि तीही शेताजवळ राहणारी. वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, कुपारी ख्रिस्ती, माळी अशा बागायतदार समाजांची वस्ती या पट्ट्यात वाडीतच होती. घर, विहीर, खाचर आणि बाग एकमेकांच्या हाकेवर होती. या साऱ्या गोष्टी एकाच जागी असल्या तरच सुकेळी परवडते. एक जरी विकत आणावी लागली तरी हिशेब बिघडतो.

इथे एक आक्षेप येतो. सुकेळी ही पोर्तुगीजांची देणगी आहे, असे काही जण म्हणतात, आणि त्याला वरवरचा आधारही आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षे इथल्या बागायतीवर त्यांची हुकमत होती. काजू, पपई, अननस त्यांच्याबरोबर आले हे खरे. पण केळे त्यांनी आणले नाही आणि ते वाळवण्याची पद्धतही त्यांनी शिकवली असे मानायला कारण दिसत नाही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन आपल्या १५९६ च्या प्रवासवर्णनात कन्नूरकडच्या केळ्यांबद्दल लिहितो, की ती सोलून वाळवतात आणि तशीच सगळ्या हिंदुस्थानात विकायला जातात. म्हणजे सोलून वाळवलेल्या केळ्याचा दूरचा व्यापार सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर चालू होता आणि युरोपियन माणसाला तो इथला म्हणूनच दिसत होता. कन्नूरहून ही विद्या वसईला आली की दोन्हीकडे स्वतंत्रपणे उभी राहिली, यावर कागद काही बोलत नाहीत. त्यामुळे तिथे निष्कर्ष रेटणे योग्य नाही. एवढे मात्र म्हणता येते, की आगाशी हे पोर्तुगीज येण्याआधीपासूनचे बंदर होते, जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते, आणि १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते लुटले ते त्याच्या भरभराटीमुळेच. जहाजावर हलके, गोड, न नासणारे खाद्य लागते. बंदर आणि केळीची बाग एका गावात असताना वाळवलेल्या केळ्याला गिऱ्हाईक मिळणे स्वाभाविक होते. हा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच ठेवतो. पण वाया जाणाऱ्या केळ्यांच्या कथेपेक्षा तो या गावाशी अधिक जुळतो.

माझ्या मते निर्णायक पुरावा रेल्वेने दिला आहे. १८६४ मध्ये बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा गुजरातकडून येणारा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू झाली. वसईचा भाजीपाला, फुले, विड्याची पाने, दूध आणि केळी काही तासांत मुंबईच्या बाजारात पोचू लागली. सुकेळी जर केवळ न विकलेल्या केळ्यांची सोय असती, तर ती याच वेळी संपायला हवी होती. हाताशी एवढे मोठे शहर आल्यावर आठवडाभर ऊन राखत बसून माल एक तृतीयांशावर आणायचा खटाटोप कोण करील? प्रत्यक्षात उलट घडले. रेल्वे येऊन १८ वर्षे झाल्यावर, १८८२ मध्ये, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात आगाशीची नोंद करताना तिथल्या वाळवलेल्या केळ्यांची ख्याती आवर्जून सांगितली आहे. सरकारी खंडात एखाद्या गावाची ओळख ज्या मालाने दिली जाते तो माल घरगुती काटकसरीतून निघालेला नसतो. त्याला नाव असते, दर असतो, मागणी असते. ताज्या केळ्याची वाट मोकळी झाल्यावरही सुकेळी टिकली, याचा अर्थ ती ताज्या केळ्याची जागा भरून काढत नव्हती. तिचे गिऱ्हाईक वेगळे होते. उपवासाला चालणारे, प्रवासात नेता येणारे, पाहुण्याच्या हातावर ठेवता येणारे, महिनोन्महिने टिकणारे असे ते खाद्य होते आणि रेल्वेने उलट त्याचा बाजार रुंदावला.

यावर प्रतिप्रश्न रास्त आहे: इतका भक्कम धंदा होता तर तो ओसरला कसा? लोकांची चव बदलली, चॉकलेट-बिस्किटे आली, शीतगृहे आली आणि जळगावची केळी बारा महिने मिळू लागली म्हणून सुकेळी मागे पडली, असे उत्तर दिले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. जळगाव जिल्ह्याने स्वस्त, एकसारख्या केळ्याचा मोठा पुरवठा उभा केला आणि ताज्या केळ्यात वसईला त्याच्याशी स्पर्धा करणे अशक्य झाले. पण हे उत्तर ताज्या केळ्याचे आहे; सुकेळीला ते लागू होत नाही. सुकेळीची मागणी संपली असती तर ती पडून राहिली असती आणि तिचा भाव कोसळला असता. प्रत्यक्षात जी थोडी घरे अजून सुकेळी करतात त्यांचा माल हंगामात हातोहात जातो आणि तो स्वस्तही नसतो. तुटवडा मालाचा आहे, गिऱ्हाइकाचा नाही. म्हणून कारण शोधायचे तर ते बाजारात न शोधता वाडीत शोधावे लागते.

वाडीचा कणा पाणी होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यात पावसाचे पाणी साठवणारी बावखले होती. वाडीवाडीत खणलेली ही तळी पावसाळ्यात भरत, जमिनीत गोडे पाणी मुरवत आणि समुद्राचे खारे पाणी मागे रेटून धरत. विहिरीवर रहाट चाले. रहाट ओढणाऱ्या जनावराचा दम संपला की उपसा थांबे, त्यामुळे विहिरीला भरायला वेळ मिळे. रहाटाच्या जागी आधी इंजिने आणि मग विजेचे पंप आले आणि उपशाची ही नैसर्गिक मर्यादा गेली. त्यानंतर शहर वाढू लागले. मुंबईत घर न परवडणारी माणसे नालासोपारा, वसई, विरारकडे आली, त्यांच्या इमारतींना पाणी हवे होते, आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. पाणी विकून केळीपेक्षा जास्त पैसे मिळत होते, हे सत्य टाळून चालणार नाही. कित्येक बागायतदारांनीच ते विकले. गोडे पाणी उपसले गेले तसे खारे पाणी आत शिरले. खारट पाण्यावर केळ जगत नाही. बावखले बुजवून त्यांवर बांधकामे झाली, भाताची खाचरे बिल्डरांकडे गेली, पेंढा गेला, बांबूचे काम करणारे हात दुसऱ्या कामाला लागले, घरातली पुढची पिढी सकाळच्या लोकलने नोकरीला जाऊ लागली. राजेळीला वर्षभर पाणी आणि मांडवाला आठवडाभर माणसे देणारे घर उरले नाही. सुकेळी संपत आली ती अशी, तिच्या सगळ्या आधारांसकट.

हे होऊ नये म्हणून वसईकर गप्प बसले नव्हते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने पाणी, जमीन आणि बेलगाम बांधकामांविरुद्ध लढा दिला. त्या लढ्यात हिंदू आणि ख्रिस्ती बागायतदार एकत्र उतरले. पुढे २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेतच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. ‘हिरवी वसई’ ही हौशी निसर्गप्रेमींची भावनिक मागणी आहे, अशी टीका त्या काळी झाली आणि आजही होते. सुकेळीचा इतिहास त्या टीकेला उत्तर देतो. बावखल, खाचर आणि वाडी यांच्यावर एक उत्पादन उभे होते, त्याचा पैसा होता, त्यात कसब होते. ती व्यवस्था मोडली तेव्हा देखाव्याबरोबर एक उद्योगही मोडला. आणि त्या उद्योगाचे नुकसान विकासाच्या कुठल्याही जमाखर्चात मांडले गेले नाही.

शेवटचा आक्षेप आजच्या काळातला आहे. आता सौर वाळवणी यंत्रे आहेत, विजेचे ड्रायर आहेत, केळी कुठूनही आणता येतात. मग जळगावची केळी आणून कारखान्यात वाळवली, चकत्या करून ग्रॅनोलाच्या पाकिटांत भरली, तर काय बिघडले? अशी वाळवलेली केळी जरूर करावीत. त्यातून रोजगारही मिळेल. यंत्राचा उपयोग खुद्द सुकेळीवाल्यालाही आहे: अवकाळी पाऊस आला तर माल वाचतो, धूळ-माशीची चिंता मिटते. पण त्या चकत्यांना सुकेळी म्हणता येणार नाही. जात वेगळी, वाळवण्याचा वेग वेगळा, म्हणून चवही वेगळी. झपाट्याने वाळलेल्या केळ्यात तो दाट, काकवीसारखा गोडवा उतरत नाही. आणि त्या धंद्यातून वसईच्या जमिनीला काहीच मिळणार नाही. घोलवडच्या चिकूला आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दोन्हींच्या मागे आज उभ्या असलेल्या बागा आहेत. मानांकनाने त्या बागांना बळ दिले, शून्यातून उभ्या केल्या नाहीत. सुकेळीला नाव, वेष्टन, प्रदर्शनातला गाळा हे सगळे दिले आणि राजेळी लावायला गोडे पाणी व जागाच उरली नाही, तर ते नाव पाकिटापुरतेच राहील.

म्हणून घरी ग्रॅनोला करणाऱ्याच्या हाती खरोखर काहीतरी आहे. ओट्स आणि सुकामेवा भाजून, आच बंद करून झाल्यावर सुकेळीचे बारीक तुकडे त्यात मिसळावेत; आधी घातले तर ते कडक होतात. सुकेळी घातली की मधाचे प्रमाणही कमी करता येते. असे गिऱ्हाईक वाढले तर राजेळी लावण्याचे धाडस करणाऱ्या बागायतदाराला वर्षभर थांबण्याचे कारण मिळेल. पण गिऱ्हाइकाने आपले काम केल्यावर उरलेले काम शहराचे आहे. उरलेली बावखले नोंदवून त्यांना कायद्याने अभय देणे, विकास आराखड्यात वाडी ही रिकामी जागा न समजता उत्पादनाची जागा समजणे, राजेळीचे कंद जपून नव्या लागवडीला पुरवणे, ही कामे कोणा एका घराच्या आवाक्यातली नाहीत. बोटींच्या काळापासून लोकलच्या काळापर्यंत सुकेळीने बाजारातले मोठे बदल पचवले. तिला पचला नाही तो जमीन आणि पाण्याचा तुटलेला संबंध. तो जिथे अजून शाबूत आहे तिथे आज राजेळी लावता येते, आणि तिथूनच सुरुवात केली पाहिजे.